नानाजींनी सोडलेलं संत्रं

महाल भागातल्या त्या गल्लीत दुपारची जेवणं उरकली की चुली विझत आणि दिवेलागणीपर्यंत पुन्हा पेटत नसत. सरपण जपायचं म्हणून म्हणा, नागपूरचं ऊन म्हणून म्हणा, नाहीतर बायकांना घटकाभर पाठ टेकता यावी म्हणून म्हणा, रीत तशी होती खरी. मोठ्यांचं त्यात काही अडत नव्हतं. अडायचं ते पोरांचं, कारण शाळा सुटायची ती नेमकी या मधल्या वेळेत. दप्तर फेकून पोरगं स्वयंपाकघरात शिरे, तर तिथे थंड चूल, पालथी घातलेली भांडी आणि झोपमोड झालेली आई. मग कुणाच्या हाती शिळ्या पोळीचा तुकडा पडे, कुणाच्या पाठीत धपाटा.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची ही गोष्ट. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं आणि गल्लीतले बरेचसे पुरुष कुठल्या ना कुठल्या कचेरीत खर्डेघाशी करत. त्यांतलेच एक मनोहरराव. घरात त्यांची बायको पुष्पलता, सात वर्षांची मुलगी लतिका आणि मनोहररावांचे काका. काकांना घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत सगळे नानाजीच म्हणत. शाळा सुटली की गल्लीतली पोरं आपापल्या घरी जायच्या आधी या घराच्या परसात शिरत, कारण तिथे पेरूच्या झाडाखाली नानाजी पाट आणि सुरी घेऊन बसलेले असत. त्यांच्या खाऊला चूल लागतच नसे.

पुष्पलता रोज मागच्या दारात उभी राहून ते बघे. रोज बघूनही तिला त्याची सवय झाली नाही.

थंडीत पेरूच्या चकत्या, वर मीठ आणि जिऱ्याची पूड. बोरं आली की ती पाट्यावर नुसती दडपायची, वर गुळाचा खडा कुस्करायचा. बिया कोण लांब थुंकतो त्याची पैज पोरांची पोरं लावत. कवठ नानाजी आधी पायरीवर टाकून बघत. टणकन उडालं तर कच्चं, बद्दकन बसलं तर पिकलेलं. पिकलेल्याला वरून भोक पाडून आतल्या आतच गूळ घोटायचा, म्हणजे वाटी धुवायचीही कटकट नाही. केळी असली तर शिकरण. आणि संत्र्याचे दिवस आले की ज्वारीच्या लाह्यांवर ताज्या फोडी पिळायच्या आणि लाह्या मऊ पडायच्या आत खाऊन टाकायच्या. पोरं हातपाय धुऊन रांगेत बसेपर्यंत सगळं तयार. हात धुतले नाहीत असा संशय आला तर नानाजी हात हुंगून बघत, आणि त्या नाकापुढे खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती.

मास्तरांनी आज कुणाला छड्या मारल्या हे ते कधी विचारत नसत. पण ज्याला मारलेलं असे, त्याच्या पुढ्यात न मागता सगळ्यात गोड फोड पडे. पुष्पलतेनं एकदा विचारलं, "नानाजी, तुमाले कसं समजते?"

"तो हात पसरत नाही वं, सूनबाई. मुठीत ठेवते," नानाजी म्हणाले आणि पुढच्या पेरूला लागले. जणू यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

नानाजींची बायको ऐन तारुण्यात गेली. मूलबाळ नव्हतं. उभा जन्म गेला तो संत्र्यांच्या बाजारात. एका अडत्याकडे ते चाखणारे होते. काटोल-कळमेश्वरकडून गाड्या भरून माल येई, ढीग लागत, आणि बोली सुरू होण्याआधी नानाजी ढिगातलं एक संत्रं उचलून, सोलून, एक फोड तोंडात टाकत. त्या वेळी विकणाराही त्यांच्या तोंडाकडे बघे आणि घेणाराही. ते फार बोलत नसत. "कलकत्त्याले जाऊ द्या," म्हणाले की तो माल आगगाडीतून तितका लांब टिकणार म्हणून समजायचं. "आजच विका," म्हणाले की करंड्या बांधायच्याही भानगडीत कुणी पडत नसे. मग दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत, पण त्या बोटांना जोर यायचा तो नानाजींच्या जिभेवरून.

पुष्पलतेनं हे ऐकलं होतं लग्नाआधी, पण पाहिलं ते पहिल्या दिवाळीला. तिच्या वडिलांची कळमेश्वरकडे लहानशी बाग होती. व्याह्यांकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून ते करंडीभर संत्री घेऊन आले. नानाजींनी एक सोललं, फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि अगदी साधेपणानं विचारलं, "व्याहीबुवा, तुमच्या विहिरीजोळ मोठं चिंचेचं झाड हाय काय? त्याच्या सावलीतली दिसतात ही. बाकीची याहून गोड असतील मंग."

वडील कानकोंडे झाले. चांगली संत्री बाजारासाठी ठेवून त्यांनी खरोखरच सावलीतली करंडीत भरली होती. पुष्पलतेला हसू आवरेना आणि भीतीही वाटली. या घरात आपल्याला काही लपवता येणार नाही, असं तिच्या मनात आलं. पुढे कळलं, की नानाजींना एवढं कळे, पण त्यांनी त्याचा धाक कधी कुणाला दाखवला नाही.

वय झालं तसा त्यांनी बाजार सोडला आणि जुन्या दोघा सोबत्यांबरोबर काशीला गेले. काशीला जायचं तर आवडीचं एखादं फळ किंवा भाजी तिथे देवाला सोडून यायची, ती पुन्हा जन्मात तोंडात घालायची नाही, ही जुनी चाल. त्या चालीतल्या पळवाटाही तितक्याच जुन्या. शेजारच्या यमुताईंनी काशीला पडवळ सोडलं होतं, आणि पडवळ म्हटलं की त्यांचं तोंड लहानपणापासून वाकडं होई. त्यांच्या यजमानांनी फणस सोडला, जो नागपुरात औषधालाही सापडत नसे. देवाला काय, तो सगळ्यांचंच गोड मानून घेतो.

नानाजी परत आले, गंगेची पूजा झाली, यात्रा पार पडल्याच्या मावंद्याची पंगत बसली. पुष्पलता वाढत होती. लतिका तेव्हा रांगत होती. यमुताईंनी सहज विचारलं, "मंग नानाजी, तुम्ही काय सोडलं?"

"संत्रं."

पंगतीतले हात जागच्या जागी थांबले. मनोहररावांना वाटलं, काका थट्टा करताहेत. नानाजी शांतपणे पुरीचा तुकडा मोडत होते.

"नागपुरात राहून संत्रं?" यमुताई म्हणाल्या. "दुसरं काही सापडलं नाही काय हो तुमाले?"

"देवाले द्याचं तं आपल्या आवडीचं द्यावं," नानाजी म्हणाले. "नावडतं तं आपण म्हशीपुढंबी टाकतो."

यमुताईंनी पुढचा घास जरा जोरातच चावला. पुष्पलतेच्या हातातली वरणाची पळी मात्र तशीच राहिली.  या माणसाकडे दुसरं होतं काय? जमीन नाही, बायको नाही, पोर नाही. होती ती एक जीभ, आणि त्या जिभेला जे सगळ्यात प्रिय होतं, तेच हा गंगेच्या काठी ठेवून आला आणि आता आणखी एक पुरी मागतो आहे. तिनं त्यांच्या पानात दोन वाढल्या. दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही.

त्यानंतर कधीतरी परसातला तो खाऊ सुरू झाला. पेरू, बोरं, सीताफळ नानाजी पोरांबरोबर खात. एकच फळ दोघांत वाटायचं तर ते उपरण्याच्या टोकात धरून चिमणीच्या दातांनी तोडत. कपड्यावरून तोडलं की उष्टं होत नाही, हा पोरांचा कायदा त्यांनाही मान्य होता. संत्र्याच्या दिवसांत मात्र ते नुसते सोलत. फळ तळहातावर तोलायचं, देठाशी नाक न्यायचं, अंगठ्यानं साल किंचित दाबायची, आणि सांगायचं, "हे आंबट हाय, वसंताले द्या, त्याले चालते." वसंत म्हणजे यमुताईंचा मुलगा. आणि ते निघेही तसंच. एकदा सोलताना रसाची चिळकांडी त्यांच्या ओठावर उडाली. नानाजी उठले, विहिरीवर गेले आणि खळखळून चूळ भरून आले. पोरं खो खो हसली. पुष्पलतेला हसू आलं नाही. तिला वाटलं, इतकं कडक तर देवसुद्धा मागत नसेल.

लतिकेच्या सातव्या वर्षी, माघात, मृगाचा बहार बाजारात उतरला. वर्षातली सगळ्यात गोड संत्री ती हीच. आणि त्याच दिवसांत तिला मुदतीचा ताप भरला.

ताप आपली मुदत पुरी करून उतरला. उतरताना मुलीच्या अंगात काही ठेवलं नाही. हातांच्या काड्या झाल्या, डोळे खोल गेले, वेणीतले केस उशीवर यायला लागले. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि मनोहररावांना ओसरीवर नेऊन सांगितलं, "ताप गेला, पण आतडी नाजूक आहेत. घट्ट काही देऊ नका. संत्र्याचा रस गाळून द्या, घोट घोट, दिवसभर. तो पोटात गेला तर मुलगी उभी राहील. नाही गेला तर माझ्या हातात काही नाही."

संत्र्याचा रस म्हटल्यावर नानाजींनी कुणाला हात लावू दिला नाही. बाजारातल्या जुन्या ओळखीवर सगळ्यात चांगल्या ढिगातली संत्री येऊ लागली. काशीहून आल्यापासून नानाजींचं देवधर्माचं जरा वाढलं होतं. ते पहाटे अंघोळ करून, सोवळं नेसून, पूजा आटोपून रस काढायला बसत. फोडी धुतलेल्या फडक्यात बांधायच्या आणि दोन्ही हातांनी अशा पिळायच्या की आत नुसता चोथा राहावा, थेंब वाया जाऊ नये. दिवसभराचा रस एकदाच काढून ठेवायचा, म्हणजे सोवळ्यातलाच तिच्या पोटात जाईल. रस पितळेत ठेवला की कळकतो, हे पुष्पलतेला ठाऊक होतं, म्हणून तिनं चिनी मातीची बरणी काढून दिली. पहिल्या सकाळी तिनं पिळता पिळताच थेंबभर चाखून पाहिला. गोड होता, अगदी खडीसाखर. नंतर आजारी पोरीची बरणी कुणी उष्टी केली नाही.

लतिकेला सकाळी ग्लानी असे. डोळे उघडत ते दुपारी. मग पुष्पलता बरणीतला रस चमच्यात घेऊन तिच्या ओठाशी नेई आणि लतिका तोंड फिरवी.

"कडू हाय."

"कडू नाही वं, माय. तापानं तोंड कडू झालं तुयं. पी जरासा."

"कडू हाय."

कचेरीतून रजा काढून बसलेल्या मनोहररावांनी लाडीगोडी करून पाहिली. मग दटावून पाहिलं. मग एकदा जीव वरखाली होऊन नाक दाबून दोन चमचे घशात ओतले. मुलगी ओकली आणि नंतर बराच वेळ तिला डोळेही उघडवेनात. मनोहरराव बाहेर ओसरीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यानंतर त्यांनी चमचा हातात घेतला नाही.

"मी सोता चाखला," पुष्पलता शपथेवर सांगे. "गोड हाय."

"तू तं कुनैनलेबी गोड म्हणतेस," लतिका म्हणे. खोटंही नव्हतं ते.

मग नानाजी उशाशी बसत. बरणीचं झाकण काढून नाकाशी धरत. "गोड हाय, माय. या वासाचं संत्रं कडू निघतच नाही. सारा बाजार माया सबदावर माल घेत होता."

लतिकेनं एकदा त्यांच्याकडे नीट बघितलं. आवाज इतका बारीक झाला होता की पुष्पलतेला वाकून ऐकावं लागलं.

"तुमाले काय मालूम? तुम्ही तं संत्रं खातच नाही."

नानाजींनी बरणी खाली ठेवली. त्यांनी झाकण लावलं. परसातला खाऊ बंद पडून बरेच दिवस झाले होते. रोज सकाळी रस काढला जात होता, रोज दुपारी पोरगी तोंड फिरवत होती, आणि तिच्या मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

एका दुपारी यमुताई समाचाराला आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दाराआड नानाजींना म्हणाल्या, "पोरगी तुमच्यावर अडून बसली. तिच्यासमोर खाल्ल्यासारखं करा ना जरा. उपरण्यात फोड धरा अन् चिमणीच्या दातानं तोडा. कपड्यावरून तोडलं तं उष्टं होत नाही, मंग खाल्लं असंबी होत नाही. पोरीचंबी राह्यते, काशीचंबी राह्यते."

पुष्पलतेनं आशेनं नानाजींकडे पाहिलं. खरं सांगायचं तर तिला ही युक्ती बिनतोड वाटली होती. नानाजी उपरण्याच्या टोकाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "यमुताई, बाजारात रुमालाखालून भाव होतात, ते मी जन्मभर पाह्यलं. देवासंगं कपड्याखालचा भाव नाही करत मी. अन् लेकरासंगंबी नाही."

आता हे अडून बसणार, असं पुष्पलतेला वाटलं. तिला राग आला, भयंकर राग. एका फोडीपायी हा म्हातारा माझी पोर घालवणार काय, हे शब्द तिच्या अगदी ओठावर आले होते.

तेवढ्यात शाळा सुटली. गल्लीतून पोरांचे पाय वाजले आणि घरापाशी येऊन थांबले. खाऊ नसतो हे माहीत असूनही ती रोज येत आणि ओसरीच्या कडेला नुसती उभी राहत. एरवी जी पोरं आभाळ डोक्यावर घेत, ती आता पाटीही वाजू देत नसत. त्या चाहुलीनं लतिकेनं डोळे उघडले.

नानाजी आत आले. उशाशी बसले. बरणी ओढून घेतली, चमचा बुडवला, आणि तो लतिकेच्या तोंडाकडे न नेता स्वतःच्या तोंडाकडे नेला. उपरणं मध्ये नव्हतं. लपवाछपवी नव्हती. घरची सगळी माणसं बघत होती, यमुताई चौकटीत उभ्या होत्या, कोनाड्यात काशीहून आणलेला गंगेचा गडू होता. नानाजींनी चमचा तोंडात घातला.

पुष्पलता त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांनी ती चव जिभेला लागली होती. तिला वाटलं, आता डोळे मिटतील, पहिल्या दिवाळीला मिटले होते तसे. डोळे मिटले नाहीत. कपाळाला आठ्या पडल्या. नानाजींनी रस तोंडात इकडून तिकडे फिरवला, गिळला, आणि मग थांबले. बराच वेळ थांबले.

"कडू हाय," ते म्हणाले.

कुणाला काही समजेना. मनोहररावांना वाटलं, काकांची जीभ गेली म्हातारपणी. पुष्पलतेनं पुढे होऊन बोटाचं टोक बरणीत बुडवलं आणि चाटलं. आधी गोड लागलं, आणि ती "गोडच तं," म्हणणार इतक्यात जिभेच्या मुळाशी कडवटपणा उतरला. असा उतरला की थुंकावंसं वाटावं. सकाळचा रस नव्हताच तो. वास तोच, रंग तोच, आणि चव कारल्याची.

"बिया चेंदल्या," नानाजी म्हणाले. ते आता बोलत होते ते बाजारातल्या आवाजात, हळू आणि नेमकं. "फोडीवरचं सालपट चेंदलं. थेंब वाया जाऊ नाही म्हणून मीच पिळलं तसं. अन् सोवळ्यातला म्हणून दिवसभर ठेवला. संत्र्याचा रस थांबत नाही, असा चेंदलेला ठेवला का कडू होते. पोट्ट्यांले मी पिळला का लगेच देत होतो, म्हणून कधी समजलंच नाही. वास तं गोडच येत राह्यला."

 जी मुलगी इतके दिवस एकच शब्द सांगत होती, तिच्याकडे बघायचं धाडस कुणाला होईना. तिला सगळ्यांनी समजावलं होतं, दटावलं होतं, नाक दाबून पाजलं होतं. तिचं खरं असेल असं मात्र आईच्याही मनात आलं नव्हतं. पुष्पलतेला तिथेच रडू फुटलं.

"मी तं सांगत होती," लतिका म्हणाली.

"हो, माय. तू सांगत होती." नानाजींनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ज्यांच्या शब्दावर गाड्याच्या गाड्या कलकत्त्याला रवाना झाल्या, ते नानाजी सात वर्षांच्या पोरीपुढे मान खाली घालून बसले होते. "तुयी जीभ खरी. मी न खाताच बोलून राह्यलो होतो."

पुष्पलतेनं पुढे आयुष्यात पुष्कळ माणसं पाहिली, मोठी म्हणवणारीही पाहिली. पण काशीला सोडलेलं संत्रं एवढ्या माणसांदेखत तोंडात घालून, वर आपणच चुकलो असं एका लेकराला सांगणारा माणूस तिनं दुसरा पाहिला नाही. मावंद्याच्या दिवशी या माणसानं देवाला जे दिलं होतं ते मोठं होतं. आज त्यानं ते परत घेतलं, आणि तिला ते त्याहून मोठं वाटलं. हे बरोबर की चूक, ते कुठल्या पोथीत बघायचं हे तिला माहीत नव्हतं. तिचे हात आपोआप जुळले होते, एवढंच तिला कळलं.

"करंडी आण," नानाजी म्हणाले.

तिनं करंडी आणली. नानाजींनी एक संत्रं निवडलं, तोललं, सोललं. फोडीवरचं पांढरं सालपट नखानं अलगद काढलं, बी बाजूला केली आणि नुसता गर बोटांत दाबून रस चमच्यात पाडला. तो आधी स्वतः घेतला. थांबले. या वेळी डोळे मिटले. मग दुसरी फोड घेतली, तसाच चमचाभर रस काढला आणि लतिकेच्या ओठांपाशी धरला. ढकलला नाही, नुसता धरला. घरात इतकी शांतता होती की ओसरीवर पोरं श्वास घेत होती तेही ऐकू येत होतं.

लतिकेनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि ओठ उघडले. घशाची हालचाल झाली. रस खाली उतरला आणि खालीच राहिला.

"अजून," ती म्हणाली.

मनोहरराव ओसरीकडे वळले आणि उगाच पोरांवर ओरडले, "काय पाहून राह्यले रे? जा घरी!" एकही पोर हललं नाही.

नानाजी तिसऱ्या फोडीला लागले होते. यमुताईंना इतका वेळ कोंडलेला प्रश्न आता आवरेना. दारातूनच, दबक्या, घाबऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "पण नानाजी, आता काशीचं काय हो?"

नानाजींनी मान वर केली नाही. फोडीचं सालपट सुटत होतं, तिकडेच त्यांचं लक्ष होतं.

"काशी कुठं चालली नाही, यमुताई," ते म्हणाले. "ही चालली होती."

त्यांनी ती फोड आपल्या तोंडात टाकली, चव जिभेच्या मुळापर्यंत उतरेस्तोवर थांबले, आणि मग तिच्यासाठी दुसरी सोलायला घेतली.